घरी कुटलेला सर्व्हर

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात ‘आपापलं काम’ या विषयावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर मेळाव्यात आपल्यापैकी एकाने आपल्या कामाबद्दल बोलायचं, हा आपला प्रघात मला फार आवडतो. मागच्या वेळी द्राक्षाच्या छाटणीवर ऐकलं, त्याआधी एसटीच्या वर्कशॉपवर. यंदा माझा नंबर लागला तेव्हा संयोजकांनी फोनवर बजावलं, ‘कॉम्प्युटरचं बोल, पण आम्हाला कळेल असं बोल.’ पहिल्या रांगेत आपल्या गणिताच्या बाई बसल्या आहेत. त्यांना कळलं नाही तर चूक माझी, हे मी आधीच मान्य करते. बाकीच्यांचं तेव्हाही तसंच होतं.

मी सर्व्हर सांभाळते. माझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगतात, ‘ही रात्री-अपरात्री कॉम्प्युटरचं औषधपाणी करते.’ इतक्या वर्षांत मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलेलं नाही. आज सगळ्या नोकरीचं सांगत बसत नाही. एकाच कामाबद्दल बोलते. ते काम एका रात्रीत झालं आणि पुढे पाच वर्षं पुरलं.

आमच्या ग्राहकांत एक पॅथॉलॉजी लॅब आहे. नाव सांगत नाही. मुख्य लॅब पुण्यात, आणि जुन्नर, भोर, वेल्हे अशा ठिकाणी तिची छोटी संकलन केंद्रं. केंद्रावर रक्त घेतलं की नोंद पुण्याच्या सर्व्हरवर होते. रिपोर्ट तयार झाला की केंद्रावर छापून मिळतो, मोबाइलवर बघता येतो, डॉक्टरांनाही त्यांच्या दवाखान्यात उघडता येतो. या सर्व्हरच्या दारात एक दारवान उभा असतो. त्याचं नाव एंजिनएक्स. इगोर सिसोएव या रशियन माणसाने तो २००२ मध्ये लिहायला घेतला आणि २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. पान मागायला आलेल्या प्रत्येक ब्राउझरला हा भेटतो, आत निरोप पोचवतो आणि उत्तर बाहेर आणून देतो. त्याला वेब सर्व्हर म्हणतात.

काही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसतं ना, ते कुलूप मात्र या दारवानाचं नसतं. त्याने ते दुसऱ्या कारखान्यातून आणलेलं असतं. त्या कारखान्याचं नाव ओपनएसएसएल. ही एन्क्रिप्शनची लायब्ररी आहे, म्हणजे मजकूर गुप्त करण्याचं आणि उलगडण्याचं गणित जिच्यात तयार लिहून ठेवलं आहे अशी. एरिक यंग आणि टिम हडसन या दोघांनी ऑस्ट्रेलियात लिहिलेल्या आधीच्या कोडवरून १९९८ च्या अखेरीस ती सुरू झाली. जगभरच्या बँका, दुकानं, सरकारी कार्यालयं तिच्यावर विसंबून असतात, आणि तिचं नाव त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं.

आता २०१९ साल. लॅबच्या यंत्रावर सेंटओएस ७ नावाचं लिनक्स होतं आणि त्यातलं ओपनएसएसएल होतं १.०.२ या मालिकेतलं. कुलूप ठीक होतं, पण जुन्या बनावटीचं. ऑगस्ट २०१८ मध्ये टीएलएस १.३ हा नवा नियम पक्का झाला होता. ब्राउझर आणि सर्व्हर यांनी गुप्त बोलणं कसं सुरू करायचं, याचा तो नियम. ओपनएसएसएलमध्ये तो ११ सप्टेंबर २०१८ ला आलेल्या १.१.१ या आवृत्तीपासून आला. सेंटओएस ७ मध्ये तो येणार नव्हता, कारण अशी लिनक्सं एकदा आकडा ठरवला की आयुष्यभर तो सोडत नाहीत.

आम्हाला तो नियम हवा होता, आणि त्याला दोन कारणं होती. वेल्ह्याच्या केंद्रावर मोबाइलचं नेटवर्क म्हणजे देवाचा कौल. जुन्या १.२ नियमात खरं बोलणं सुरू होण्याआधी ब्राउझर आणि सर्व्हर यांना एकमेकांकडे दोन हेलपाटे घालावे लागतात, १.३ मध्ये एक. चांगल्या लाइनवर हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. जिथे कनेक्शन दर पाच मिनिटांनी तुटून पुन्हा जुळतं, तिथे काउंटरवरच्या मुलीच्या लक्षात येतो आणि तिच्यासमोर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या आजोबांच्याही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं. डॉक्टरांना रिपोर्ट उघडता यावेत म्हणून लॅबने त्यांना त्यांच्या नावाची डिजिटल सर्टिफिकेटं दिली होती. सर्व्हर ओळखपत्र मागतो, डॉक्टरांचा ब्राउझर दाखवतो, मग दार उघडतं. जुन्या नियमात हे ओळखपत्र कुलूप लागायच्या आधी, उघड्यावर दाखवलं जातं. रिपोर्ट गुप्तच राहतो, पण वाटेत बसलेल्याला डॉक्टरांचं नाव वाचता येतं, ते कोणत्या वेळी लॅबशी बोलले हे कळतं. १.३ मध्ये आधी कुलूप लागतं आणि मग ओळखपत्र निघतं. गावात एकच एचआयव्हीचा डॉक्टर असेल, तर एवढ्या माहितीवरूनही लोक गोष्टी रचतात. गाव कसं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्यात ऑडिट आलं. ऑडिटरने अहवालात लिहिलं की १.०.२ या मालिकेचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०१९ ला संपतोय, ताबडतोब बदला. आकडा बरोबर होता, अर्थ अर्धवट. मूळ लेखकांनी हात काढून घेतला तरी सेंटओएससारख्या लिनक्सला दुरुस्त्या पुरवणारी माणसं त्याच जुन्या आवृत्तीत नव्या दुरुस्त्या मागे नेऊन शिवत राहतात. बाहेरचा आकडा तोच राहतो, आतलं ठिगळ नवं असतं. ऑडिटरच्या तपासणी-प्रोग्रामला आकडा दिसतो, ठिगळ दिसत नाही. हे मी दर वर्षी दर ऑडिटरला समजावते. माझं समजावणंही आता ठिगळासारखंच झालंय.

मग यंत्रच का बदललं नाही? रिपोर्ट तयार करणारा प्रोग्राम ज्यांनी लिहिला होता ते म्हणाले, आमची हमी सेंटओएस ७ पुरतीच. दारवानासाठी वेगळं यंत्र पुढे ठेवू, असं मी सुचवलं. त्याचा खर्च मंजूर झाला नाही. त्याच सप्टेंबरात सेंटओएस ८ आलं होतं, त्यात हवं ते कुलूप आयतं होतं, आणि माझे काही मित्र उत्साहाने तिकडे गेलेही. पुढे सेंटओएस ८ हे ३१ डिसेंबर २०२१ ला अकाली बंद झालं आणि आमचं जुनं ७ त्यानंतर अडीच वर्षं चाललं. हे २०१९ मध्ये कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्याचं श्रेय मी घेत नाही.

राहिला एक मार्ग. दारवान आणि कुलूप या दोन्हींचा सोर्स आणायचा आणि घरी बांधायचा.

हे समजायला मसाल्यासारखं दुसरं उदाहरण नाही. बाजारात पाकीट मिळतं, फोडलं, घातलं. पॅकेज म्हणतात ते हेच. दुसरा प्रकार म्हणजे मिरच्या, धणे, दगडफूल, नाकेश्वर स्वतः निवडून आणायचं, भाजायचं आणि डंकावर कुटून आणायचं. सोर्स म्हणजे माणसाला वाचता येईल असा लिहिलेला प्रोग्राम. कंपाइल करणं म्हणजे तो कुटून यंत्राला पचेल असा करणं. घरी कुटलेल्या मसाल्यात काय पडलंय ते तुम्हाला नक्की माहीत असतं. आणि बरणीवर कोणाचंही लेबल नसतं. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे येते.

ऑक्टोबर २०१९ मधली एक शनिवारची रात्र. एंजिनएक्स १.१६.१ आणि ओपनएसएसएल १.१.१ डी, असा शिधा. पहिलं काम डिजिटल सह्या ताडून बघण्याचं. उतरवून घेतलेली फाइल ज्यांची म्हणतात त्यांचीच आहे, वाटेत कोणी तिच्यात भेसळ केलेली नाही, हे त्यावरून कळतं. बहुतेक लोक ही पायरी गाळतात. कुलूप आणायला जायचं आणि दुकान खरं आहे का ते बघायचं नाही, याला काय म्हणावं!

मग जुन्या एंजिनएक्सलाच विचारायचं, बाबा रे, तुला बांधताना काय काय घातलं होतं? एका छोट्या आज्ञेने तो ती सगळी यादी सांगतो. ती उतरवून घ्यायची, कारण नव्यात एखादा जिन्नस राहिला तर पहाटे चार वाजता कळतं. त्यानंतर ‘कॉन्फिगर’. ही पायरी यंत्र चाचपून बघते, सामान पुरं आहे का ते. नसेल तर थांबते आणि तक्रार करते. नव्याने बांधणाऱ्या प्रत्येकाला भेटणारी तक्रार एकच: पत्ते फिरवून लिहिणाऱ्या भागाला पीसीआरई नावाची लायब्ररी हवी, ती सापडत नाही. बसवा, पुन्हा चालवा. मग झेडलिब. बसवा, पुन्हा चालवा. आपल्या शिवणाच्या बाई उलटं घातलेलं टाकं उसवायला लावत, ती चाल.

याच पायरीवर एंजिनएक्सला सांगायचं असतं की कुलूप कुठलं घ्यायचं. इथे एक खुबी आहे. त्याला तयार लायब्ररीचा पत्ता लागत नाही. ओपनएसएसएलचा सोर्स ज्या फोल्डरात सोडवून ठेवला असेल, त्याचा पत्ता लागतो. तो दिला की ‘मेक’ म्हटल्यावर एंजिनएक्स आधी ती सगळी लायब्ररी स्वतः कुटून घेतो आणि तिचा हवा तो भाग स्वतःच्या अंगात चिणून टाकतो. भिंतीत चिरा बसावा तसा. काही मिनिटं पडद्यावरून ओळी धावतात, पंखा घोंगावतो आणि तुम्ही चहा करून येता.

यंत्रावरचं मूळ १.०.२ काढून त्याच्या जागी नवं घालायचं का? अजिबात नाही. त्याच लायब्ररीवर दूरून लॉगिन करायचा प्रोग्राम चालतो. ती उपटली तर आपणच घराबाहेर आणि किल्ली आत. म्हणून जुनं कुलूप यंत्राकडे तसंच, नवं फक्त दारवानाच्या पोटात. नवा एंजिनएक्सही जुन्याच्या जागी ठेवायचा नाही, कारण पुढच्या नेहमीच्या अपडेटमध्ये पाकिटातला एंजिनएक्स येतो आणि मुकाट्याने त्याच्यावर बसतो. वेगळा फोल्डर, वेगळं नाव. अशा वेगळ्या जागेच्या प्रोग्रामला सेलिनक्स हा लिनक्सचा पहारेकरी ओळखत नाही. तो त्याला अडवत नाही, पण त्याच्यावर नेहमीचा पहाराही ठेवत नाही. तेव्हा त्याची ओळख करून द्यावी लागते.

दोन आठवडे नवा दारवान बाजूच्या दारावर उभा केला आणि फक्त भोरच्या केंद्राला तिकडून जायला लावलं. मग एका रात्री मुख्य दार. सकाळी लॉगमध्ये टीएलएस १.३ अशा नोंदी पडू लागल्या. लॅबच्या मालकांना मी कळवलं. त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही पुस्तकात मिळते. यानंतरचं सांगायला मी इथे उभी आहे.

बाजारच्या पाकिटात काही वाईट निघालं, तर कंपनी माल परत मागवते. दुकानदार पाकिटं उचलतो, पेपरात येतं. तुमच्या घरच्या बरणीचं काय? ती कुठल्याही यादीत नाही. त्याच मिरच्या, तीच भेसळ, पण तुमच्या दारावर कोणी येणार नाही. लिनक्समध्ये तसंच आहे. ओपनएसएसएलमध्ये भोक सापडलं की लिनक्स वितरणांतली माणसं, ज्यांची नावं आपल्याला कधी कळत नाहीत, रात्र जागून दुरुस्त पॅकेज काढतात. तुम्ही एक आज्ञा देता आणि यंत्रावरची लायब्ररी नवी होते. एंजिनएक्सच्या पोटात तुम्ही चिणलेली प्रत मात्र तशीच राहते. अपडेट म्हणतं, सगळं अद्ययावत आहे. ते खोटं बोलत नाही. त्याला तुमची बरणी माहीतच नाही.

म्हणजे त्या शनिवारच्या रात्री मी कुलूप बदललं, आणि त्या अनामिक माणसांची पाळीही स्वतःकडे घेतली.

भोक किती मोठं असू शकतं, ते जगाने ७ एप्रिल २०१४ ला पाहिलं. ‘हार्टब्लीड’ नाव पेपरात आलं होतं, काहींना आठवत असेल. दोन यंत्रं एकमेकांना मधूनमधून ‘आहेस ना?’ विचारतात, त्या सोयीत चूक होती. मी तुमच्याकडे एक कागद ठेवायला दिला आणि परत मागताना म्हटलं, माझे चौसष्ट कागद द्या. तुम्ही न मोजता गठ्ठ्यातून चौसष्ट उचलून दिलेत. माझा एक, बाकी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे. एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूर असा बाहेर काढता येत होता. त्यात पासवर्डही असू शकत होते आणि खुद्द कुलपाची किल्लीही. ही चूक दोन वर्षं तिथे होती. तेव्हा लोकांना कळलं की अर्ध्या जगाचं कुलूप बनवणाऱ्या या कारखान्यात पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक, आणि वर्षाला येणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर. आपल्या गणेशोत्सव मंडळाची वर्गणी काढून बघा.

गंमत म्हणजे ज्यांच्याकडे त्याहून जुन्या मालिका होत्या, ०.९.८ किंवा १.०.०, त्यांना हार्टब्लीड झालाच नाही. चूक नव्या १.०.१ मध्ये आली होती. नवं म्हणजे सुरक्षित, हा समज मी कोणाकडेही टिकू देत नाही.

तर माझी पाळी. १७ मार्च २०२० ला १.१.१ ई आलं. त्यात जोडणी अर्धवट तुटल्यावर काय म्हणायचं याची रीत बदलली होती, आणि त्यामुळे इतर प्रोग्राम बिथरले. ३१ मार्चला १.१.१ एफ आलं, त्यात ती रीत मागे घेतली. २१ एप्रिलला १.१.१ जी, ही गंभीर दुरुस्ती: एका विशिष्ट फंक्शनचा वापर करणारा प्रोग्राम बाहेरचा माणूस पाडू शकत होता. पाच आठवड्यांत तीन आवृत्त्या, आणि तारखा बघा. सगळा देश घरात बंद. लॅब चोवीस तास चालू. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून सूचना वाचत होते. सोर्स हातात असण्याचा फायदा असा की ते फंक्शन एंजिनएक्सच्या मजकुरात आहे का, हे शोधून बघता येतं. नव्हतं. म्हणजे आम्हाला धोका नव्हता. तरी त्या आठवड्यात मी पुन्हा कुटलं, कारण दर वेळी ‘हे आपल्याला लागू नाही’ म्हणत गेलं की शेवटी कोणती भोकं बुजवली आणि कोणती नाही याचा हिशेब राहत नाही.

त्याच दिवसांत मी एक वही केली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, आपण इतिहासाला घालायचो तशी. प्रत्येक ग्राहकाच्या यंत्रावर मी हाताने काय बांधलंय, का बांधलंय, कोणते पर्याय दिले, पुन्हा बांधायचं तर कोणत्या क्रमाने, आणि बिघडलं तर मागे कसं यायचं. कागदावर, कारण यंत्रच बंद पडलं तर यंत्रातली टिपणं वाचणार कोण? ऑफिसातली तरुण मुलं हसायची.

मार्च २०२१. मला कोविड झाला. ताप आणि इतका खोकला की फोनवर दोन शब्द जोडता येईनात. २५ मार्चला १.१.१ के आलं. एक विशेष रचलेला संदेश पाठवून सर्व्हर बंद पाडता येईल, अशी चूक त्यात दुरुस्त केली होती. दुसरी लाट चढत होती. केंद्रांवर रांगा होत्या, आणि घरात कोणाला वेगळं ठेवायचं, कोणाला ॲडमिट करायचं हे लोक त्या रिपोर्टवरून ठरवत होते. अशा आठवड्यात दारवान आडवा होणं परवडणारं नव्हतं.

आमच्या ऑफिसातला एक पोरगा, नोकरीला वर्षही झालेलं नव्हतं, त्याने आयुष्यात कधी वेब सर्व्हर कुटलेला नव्हता. त्याने मेसेज केला: ‘मॅडम, वहीवरून करू का?’ मी ‘हो’ एवढंच लिहिलं आणि झोपले. त्याने सह्या ताडल्या, बाजूच्या दारावर उभं करून बघितलं, रात्री बदललं. एंजिनएक्सची एक सोय मला फार प्रिय आहे: जुना दारवान काम करत असतानाच त्याला इशारा देऊन नवा शेजारी उभा करता येतो. नवे पाहुणे नवा घेतो, जुना हातातले उरकून निवृत्त होतो. आणि नवा धड वागला नाही तर जुन्याला परत बोलावता येतं. त्या रात्री कोणाचा रिपोर्ट अर्ध्यावर तुटला नाही. सकाळी त्याने वहीत तारीख आणि सही घातली. ती सही अजून आहे. आता तो दुसऱ्या कंपनीत माझ्यापेक्षा मोठ्या पगारावर आहे, याचा मला आनंदच आहे. बहुतेक वेळा.

बाकीची वर्षं भराभर सांगते. मार्च २०२२ मध्ये पुन्हा: वेडंवाकडं सर्टिफिकेट दाखवलं तर ओपनएसएसएल गणितात अडकून गोल फिरत राही. आमच्याकडे डॉक्टरांची सर्टिफिकेटं तपासायची असल्याने हे थेट आम्हाला लागू होतं. त्याच रात्री कुटलं. १ नोव्हेंबर २०२२ ला उलटा अनुभव. आठवडाभर आधीपासून गाजावाजा होता की अतिगंभीर चूक जाहीर होणार. झाली, तेव्हा ती ३.० या नव्या मालिकेपुरतीच निघाली आणि तीव्रताही एक पायरी खाली आणली गेली. आम्ही अजून १.१.१ वर होतो. ज्यांनी उत्साहाने सगळ्यात नवं घरी बांधलं होतं, ते त्या दिवशी धावत होते. मी त्या दिवशी दिवाळीचं राहिलेलं चिवड्याचं भांडं घासलं.

पण १.१.१ चाही पाठिंबा ११ सप्टेंबर २०२३ ला संपला, आणि मला ३.० वर जावंच लागलं. सेंटओएस ७ वर ते कुटताना ओपनएसएसएल पर्लच्या एका मॉड्यूलपाशी अडतं. ते वेगळं बसवावं लागतं. वहीत तीन ओळी. मग ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ च संपलं. त्याआधी प्रोग्रामवाल्यांनी अखेर नव्या लिनक्सवर हमी दिली, आम्ही डेबियन १२ वर गेलो आणि त्याच्या पाकिटातला एंजिनएक्स, त्याच्या पाकिटातलं ओपनएसएसएल वापरायला लागलो. घरची बरणी रिकामी केली. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. मी त्या रात्री नऊ तास झोपले.

२०२५ मध्ये तोच प्रश्न नवा सदरा घालून आला. क्वांटम कॉम्प्युटर पुरेसे मोठे झाले तर आजची किल्ली ठरवण्याची पद्धत फोडू शकतील, म्हणून नवी पद्धत आली आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये ती प्रमाण केली. ओपनएसएसएलमध्ये ती ८ एप्रिल २०२५ च्या ३.५ आवृत्तीत आली. लॅबच्या मालकांनी पेपरात वाचलं आणि फोन केला: ‘क्वांटमचं कुलूप बसवून टाका. मागे तुम्हीच कुटलं होतं ना?’

त्यांची काळजी वेडगळ नाही. तसं यंत्र आज नसलं, तरी आजची गुप्त रहदारी साठवून ठेवून पुढे कधीतरी उघडता येईल. बँकेचा ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो. पण एखाद्या पंचविशीतल्या मुलीचा आजचा रिपोर्ट तिच्या साठीपर्यंत तिचं खासगी राहायला हवा.

तरी मी नाही म्हटलं. २०१९ मध्ये वाट बघून काही हाती लागणार नव्हतं. सेंटओएस ७ मध्ये ते कुलूप कधीच येणार नव्हतं, आणि डॉक्टरांची नावं रोज उघड्यावर जात होती. या वेळी डेबियन १३ मध्ये तेच ३.५ पाकिटातून येणार होतं. चार महिन्यांच्या उशिरापायी आणखी काही वर्षांची पाळी घ्यायची, आणि तीही मी निवृत्तीच्या जवळ असताना, वही वाचणारं पुढचं माणूस कोण हे ठरलेलं नसताना? मालक थोडे नाराज झाले. ऑगस्टमध्ये डेबियन १३ आलं, आम्ही चाचणी करून त्यावर गेलो, आणि कॉन्फिगरेशनची एक ओळही न बदलता ते कुलूप लागलं.

आता लॉगमध्ये नव्या ब्राउझरांपुढे एक लांबलचक नाव दिसतं: एक्स२५५१९-एमएलकेम७६८. अर्धं नाव जुन्या पद्धतीचं, अर्धं नव्या. दोन्ही एकत्र वापरतात, एक फुटली तर दुसरी आहे म्हणून. वेल्ह्याच्या केंद्रावरून येणाऱ्या काही फोनांपुढे अजून फक्त जुनंच नाव येतं. मालकांनी विचारलं, त्यांना अडवायचं का? मी म्हटलं, नाही, तो फोन ज्यांच्या हातात आहे त्यांनाही रिपोर्ट हवाच आहे. ते फोन बदलतील तेव्हा ओळ आपोआप बदलेल. तोवर मी दर सोमवारी मोजते. मागच्या सोमवारी अकरा होते.

वही इथे आणली आहे, बाहेरच्या टेबलावर ठेवते. बाई, तुम्ही अक्षर बघू नका. आणि बाकीच्यांनी जेवताना काहीही विचारा, फक्त ‘माझा पासवर्ड विसरलाय’ हे सोडून.